सार्थ अथर्वशीर्षाची छोटी पुस्तिका
गणपती अथर्वशीर्षाची ही सार्थ पुस्तिका पठण शिकणाऱ्यांसाठी असून, मोठ्या टाइपात जोडाक्षरे फोडून दाखवल्यामुळे नवख्या वाचकाला ती निश्चितच उपयोगी पडते. सर्वांत सरस उतरला आहे तो गणेशविद्येचा भाग: गकार पूर्वरूप, अकार मध्यमरूप, अनुस्वार अंत्यरूप आणि बिंदू उत्तररूप, अशा क्रमाने ‘गं’ हे बीज कसे घडते, हे संपादकांनी आकृतीसह उलगडले आहे. त्यामानाने ध्यानाच्या श्लोकांवरील टीप त्रोटक वाटते. पाश, अंकुश, दंत आणि वरदमुद्रा यांचा नुसता उल्लेख येतो, रक्तवर्णाचा आणि मूषकध्वजाचा अर्थ तर सांगितलेलाच नाही. फलश्रुतीला मात्र पाने सढळ हाताने दिली आहेत! कागद चांगला आहे, परंतु नित्यपठणासाठीच्या पुस्तिकेची बांधणी याहून पक्की हवी होती.