पुस्तिका की नॅरेशन? ख्रिस्ती होमस्कूलिंगची आमची आठ वर्षं

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर चर्चच्या आवारात एका तरुण जोडप्याने गाठलं. मुलगी पाच वर्षांची, घरीच शिकवायचं पक्कं झालंय, अभ्यासक्रम कोणता घ्यायचा एवढंच अडलंय. एक कप चहा संपेपर्यंत मी बोललो आणि घरी येताना लक्षात आलं की निम्मं सांगायचं राहूनच गेलं. ते इथे लिहितोय. घरी शिकवावं की नाही, कायदा काय म्हणतो, मुलं चारचौघांत मिसळणार कशी, हे टप्पे तुम्ही ओलांडून आलात असं धरतो. (शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आमच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी पाचला बघायला मिळतं. खालच्या मजल्यावरचे काका त्यावर जास्त सविस्तर बोलतील.)

आमची पार्श्वभूमी थोडक्यात. राहायला नाशिकच्या शरणपूर रोडजवळ. बायको नर्स, शिफ्टची ड्यूटी. मी द्राक्ष निर्यातदारांचे हिशेब सांभाळतो, म्हणजे जानेवारी ते एप्रिल मी घरात असून नसल्यासारखा. माझी आई आमच्याजवळ असते. मुलगी २०१७ साली सहा वर्षांची असताना पुस्तिकांवर, म्हणजे मूल स्वतः वाचून भरतं त्या वर्कबुकांवर, सुरू झाली आणि चार वर्षं त्यांवर काढली. मग आम्ही पद्धत बदलून नॅरेशनवर, म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत सांगण्यावर, आलो. धाकट्याने पुस्तिकेला हातही लावलेला नाही. तेव्हा तुलना शंभर टक्के न्याय्य नाही. दोन मुलं, दोन स्वभाव, शिवाय मधे कोरोना, जेव्हा सगळं नाशिकच होमस्कूलिंग करत होतं.

व्हिडिओवर शिकवणारेही अभ्यासक्रम आहेत. फ्लोरिडातल्या पेन्साकोलाच्या अबेकाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. आम्ही ते घेतलेच नाहीत. शाळेतून काढून मुलाला स्क्रीनसमोर बसवायचं हे मला पटेना. हा निव्वळ माझा हट्ट समजा.

तर पुस्तिका. वर्षाचं एक जाडजूड पुस्तक नाही, प्रत्येक विषयाच्या पातळ पुस्तिका. १९७० साली टेक्सासमध्ये सुरू झालेल्या एसीईच्या (अ‍ॅक्सिलरेटेड ख्रिश्चन एज्युकेशन) वर्षाला विषयामागे बारा, अल्फा ओमेगाच्या लाइफपॅकच्या दहा, ख्रिश्चन लाइटच्याही दहा. मूल स्वतः वाचतं, रिकाम्या जागा भरतं, बऱ्याच ठिकाणी स्वतःच तपासतं, चाचणी देतं, पुढची पुस्तिका उघडतं. याच जातकुळीतला एक अभ्यासक्रम आम्ही घेतला होता. नाव मुद्दाम सांगत नाही, कारण माझं भांडण कुठल्या प्रकाशकाशी नाही, पद्धतीशी आहे.

आणि आधी कौतुक, कारण ते खरंच देणं लागतो. हंगामात मी सकाळी सातला पिंपळगावच्या पॅकहाउसला जायचो, बायको नाइट करून झोपलेली असायची, आणि सात-आठ वर्षांची पोर स्वतःच्या तक्त्यावर आज गणिताची चार पानं, इंग्रजीची पाच, असं लिहून कामाला लागायची. अकराला मोकळी. माझी आई फक्त दूध-पोळी द्यायची आणि लक्ष ठेवायची. आजही ती मुलगी दिवसाचं काम स्वतः आखते, त्याचं श्रेय मी पुस्तिकांनाच देतो. दुसरं म्हणजे नातेवाईक. 'कितवीत आहे?' असं कुणी विचारलं की पुस्तिकेवरचा आकडा दाखवायचा, विषय संपला. ही सोय किती मोठी आहे ते ती गेल्यावर कळतं.

खर्चाचं गणित मात्र मांडून घ्या. पाच विषय, बारा पुस्तिका म्हणजे वर्षाला साठ, आणि मूल त्यातच लिहितं. धाकट्याला घ्यायच्या तर पुन्हा नवीन साठ.

आता माझं दुखणं. त्याचं नाव 'की', म्हणजे उत्तरांची पुस्तिका. पान पूर्ण झालं की मुलीने उठून कोपऱ्यातल्या टेबलाशी जायचं. तिथे की आणि लाल पेन. आपली पेन्सिल सोबत न्यायची नाही. उत्तर ताडून बघायचं, चुकलं तिथे लाल फुली मारायची, जागेवर येऊन दुरुस्त करायचं, पुन्हा जाऊन तपासायचं. पहिलं वर्ष मी या प्रकारावर खूश होतो. प्रामाणिकपणा शिकते, चूक स्वतः शोधते, अजून काय हवं?

दुसऱ्या वर्षी तिच्या शेजारी बसलो तेव्हा दिसलं की ती धडा वाचतच नाही. आधी रिकाम्या जागेचं वाक्य वाचते, मग परिच्छेदात तसंच वाक्य बोटाने शोधते आणि सुटलेला शब्द उचलून आणते. चोरी नव्हे, कुठलंही शहाणं मूल हेच करेल. जलचक्राच्या चाचणीत तिला चौऱ्याण्णव मिळाले. पंधरा दिवसांनी आम्ही गंगापूर धरणाकडे गेलो होतो, समोर एवढं पाणी, वर ढग. मी विचारलं, हे वर कसं जातं गं? ती अगदी सहज म्हणाली, "पप्पा, ते मागच्या पुस्तिकेत होतं."

तरी मी धीर धरला. तो सुटला लिव्हिंगस्टनपाशी, म्हणजे आफ्रिकेत काम केलेल्या त्या मिशनऱ्यापाशी.

मिशनऱ्यांच्या चरित्रांचा एक भाग होता. शेवटी प्रश्न: लिव्हिंगस्टनचं शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत कोणी आणलं? आता नाशिकच्या ख्रिस्ती घरात हा प्रश्न साधा नाही. शरणपूर ही चर्च मिशनरी सोसायटीने एकोणिसाव्या शतकात वसवलेली वस्ती. अरबी समुद्रात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणली जात, वाढत, लिहा-वाचायला आणि हाताचं काम शिकत. त्यांतलाच जेकब वेनराइट. १८७३ साली लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारला तेव्हा तो त्या काफिल्यात होता. लिव्हिंगस्टनचं हृदय ज्या झाडाखाली पुरलं त्या झाडावर अक्षरं कोरली ती वेनराइटने. लिव्हिंगस्टनचे जुने आफ्रिकन सोबती चुमा आणि सुसी यांच्या पुढारपणाखाली त्या सगळ्यांनी शव महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्याला आणलं. १८७४ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये शवपेटीसोबत मानाने चालणाऱ्यांत हा नाशिकला शिकलेला मुलगा होता. माझी आई ही गोष्ट अशी सांगते की जणू तो आमच्या गल्लीतून गेलाय.

तर मुलीने रिकाम्या जागेत, जागा पुरत नव्हती म्हणून समासात, लिहिलं होतं: चुमा, सुसी आणि नाशिकचा जेकब वेनराइट. इंग्रजीत, स्पेलिंगसुद्धा बरोबर. मग ती उठून टेबलाशी गेली. कीमध्ये होतं 'विश्वासू नोकर'. तिने स्वतःच्या हाताने जेकब वेनराइटवर लाल फुली मारली आणि खाली 'विश्वासू नोकर' लिहून ठेवलं.

मी म्हटलं, "अगं, तुझं बरोबर होतं."

"पण पप्पा, कीमध्ये नाहीये ना."

कुणी म्हणेल, हा पद्धतीचा दोष कसा, तुम्ही पालक आहात, तुम्ही बरोबर धरायचं. कबूल. तशी मुभा असतेही. पण मूल एकटं काम करतं हीच ज्या पद्धतीची खुबी, तिथे दर फुलीमागे मी उभा राहणार कसा? कदाचित तुमची मुलगी माझ्या मुलीपेक्षा भांडखोर असेल आणि कीलाच फुली मारेल. तसं असेल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

दुसरी बाजू शार्लट मेसनच्या घराण्याची. ही इंग्लंडमधली अँग्लिकन शिक्षिका, १८४२ चा जन्म, १९२३ ला वारली. छोटे पाठ, जिवंत भाषेतली खरी पुस्तकं, निसर्गाची वही, आणि नॅरेशन: एकदा ऐकायचं आणि लगेच आपल्या शब्दांत सांगायचं. आमच्या घरात त्याला 'सांगून टाक' म्हणतात. तिच्या गावाचं नाव घेतलेली अ‍ॅम्बलसाइड ऑनलाइन ही पुस्तकांची वर्षवार यादी फुकट आहे. पुस्तकं जुनी असल्याने बरीचशी नेटवर फुकट मिळतात, खर्च झेरॉक्सचा. तयार वेळापत्रक आणि पुस्तकांचा संच एकदम हवा असेल तर पुस्तकांवरच आधारलेला, १९९० पासूनचा सॉनलाइट आहे, पण तो विकत घ्यावा लागतो. आम्ही फुकटवाल्या यादीवरून, निम्मी यादी बदलून, चाललो आहोत.

निम्मी का बदलली? कारण मूळ यादीतलं जग इंग्लंडचं आहे. राजे तिथले, फुलं तिथली. निसर्गपाठात रॉबिन पक्षी आला की मुलगा खिडकीबाहेर शोधायचा. आता आम्ही चिरक आणि दयाळ काढतो, हिवाळ्यात एकदा नांदूर मध्यमेश्वरला जातो, पावसाळ्यात तेरड्याचं एक पान असतंच. इतिहासाची काही जुनी पुस्तकं साम्राज्याच्या खुर्चीत बसून लिहिलेली आहेत, ती सरळ काढून चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक लावलं. ही कापाकापी तुम्हालाच करावी लागते. प्रत्येक जूनमध्ये आठवडाभर रात्री जागून.

आणि घसा बसतो. सुरुवातीची वर्षं सगळं तुम्ही मोठ्याने वाचायचं असतं. फेब्रुवारीत मी कामावर, बायको थकलेली, अशा वेळी आमची शाळा दोन-दोन आठवडे चक्क बंद पडलेली आहे. पुस्तिकांच्या काळात असं एकदाही झालं नव्हतं. प्रगती दाखवायला हातात काही नसतं ते वेगळंच. दिवाळीत मामाने विचारलं, काय शिकलास? धाकट्याने वीस मिनिटं मुंग्यांवर सांगितलं. मामा माझ्या बायकोला बाजूला घेऊन म्हणाले, ताई, शाळेत घाल याला.

पण एक गोष्ट घडली जी मी ठरवलेली नव्हती. नॅरेशन कुठल्या भाषेत करायचं असा नियम आम्ही केला नाही. वाचन इंग्रजीत होतं, आणि मुलगा उठून माझ्या आईकडे जातो, म्हणजे त्याच्या आजीकडे, आणि मराठीत सांगतो. आजीला इंग्रजी येत नाही. त्यामुळे त्याला परिच्छेदातला शब्द उचलून नेताच येत नाही. सगळं मोडून पुन्हा बांधावं लागतं. बायबलमधल्या दानीएलाची गोष्ट सांगताना त्याने सिंहांच्या गुहेत एक बिबट्याही सोडला होता (नाशिकच्या पोराला सिंहापेक्षा बिबट्या जवळचा), आणि देवदूताने सिंहांना जेवू घातलं असं ठोकून दिलं. आजी म्हणाली, शास्त्रात असं नाही हं, देवदूताने त्यांची तोंडं बंद केली. "दाखव." मग दोघांनी मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, उघडून सहावा अध्याय पुन्हा वाचला. लाल पेन कुठेच नव्हतं.

वचनपाठाचंही तसंच. पुस्तिकांमध्ये मुलगी दर पुस्तिकेमागे एक वचन पाठ करायची, किंग जेम्स बायबलच्या जुन्या इंग्रजीत, आणि घडाघडा म्हणायची. पण घरच्या प्रार्थनेत माझ्या आईने "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" म्हटलं की ती गप्प. हेच स्तोत्र आपल्याला इंग्रजीत येतं हे तिला दोन वर्षं कळलं नव्हतं. ही चूक आमची, पुस्तिकांची नाही.

विज्ञानाबद्दल एकच सांगतो. अनेक ख्रिस्ती अभ्यासक्रम सहा दिवसांची निर्मिती हेच विज्ञान म्हणून शिकवतात. तुमचा विश्वास काहीही असो, मूल पुढे जीवशास्त्र घेणार असेल तर उत्क्रांती समोर येणारच, ती आधी घरात भेटलेली बरी.

गणित आम्ही दोन्हीकडचं टाकलं. डाइम आणि क्वार्टर ही अमेरिकन नाणी मोजायला शिकून भाजीबाजारात काय करणार? बालभारतीचं गणित आणि बालभारतीचंच मराठी. पीडीएफ फुकट आहेत, काम चोख आहे.

दहावीसाठी मुलगी आता एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला, बसते आहे. चौदा वर्षं पूर्ण लागतात, पाच विषय, मराठी माध्यमही मिळतं. आणि इथे मला प्रामाणिकपणे लिहायला हवं की वस्तुनिष्ठ प्रश्न ती झटपट उडवते, ती पुस्तिकांची पुण्याई. दीर्घ उत्तरं लिहायची वेळ आली की ती अजूनही आधी विचारते, "किती ओळी अपेक्षित आहेत?" धाकटा अजून दहाचा आहे, त्याचं काय होईल ते परीक्षेलाच कळेल. तो बहुधा पुरवण्या मागत बसेल.

तर त्या जोडप्याला माझं सांगणं असं: दोघंही दिवसभर बाहेर असाल आणि घरात वडीलधारं कुणी नसेल, तर पुस्तिका घ्या, बिनधास्त घ्या, फक्त की तुमच्याकडे ठेवा आणि रात्री तुम्ही तपासा. तुमची आई मात्र आडगावला तुमच्याजवळच राहते असं तुम्ही बोलता बोलता म्हणालात. मी तुमच्या जागी असतो तर वर्षभर पैसे खर्च न करता मुलीला तिच्यासमोर बसवून बघितलं असतं.

आणि पुस्तिकाच घ्यायच्या ठरल्या तर विकत घेण्याआधी एकदा घरी या. पाचवीच्या इंग्रजीच्या पाच आणि गणिताच्या तीन कोऱ्या आमच्या माळ्यावर पडल्या आहेत. एकीचा कोपरा उंदराने खाल्लाय, बाकी ठीक आहेत.