जुन्या कॉमिक्समधली खेळणी विकणाऱ्या रीलपासून सावध रहा

७०-८० च्या दशकात ज्यांनी रद्दीतली अमेरिकन कॉमिक्स वाचलीत त्यांनी हे जरा नीट वाचा, कारण हा सापळा आपल्याच वयाच्या लोकांना बघून लावलाय. इन्स्टावर एक रील फिरतंय, ओरिजिनल व्हिंटेज कॉमिक टॉइज, लिमिटेड स्टॉक वगैरे. कुणाचा तरी हात कॉमिक्समधल्या खेळण्यांच्या जाहिरातींची जुनी पिवळी पानं उलटतोय, सी मंकीज (पाण्यात पाळायचे चिमुकले जीव), एक्स-रे चष्मा, सैनिकांची पेटी, सगळं एकामागून एक येतं आणि माणूस पार विरघळतो. आमच्या दादाची साठी होती म्हणून त्यातला सी मंकीजचा किट मागवला, १४९९ रुपये, कॅश ऑन डिलिव्हरी.

दादा फोर्टच्या फुटपाथवरून कव्हर फाटलेली कॉमिक्स आणायचा आणि गोष्ट राहिली बाजूला, जाहिरातीच तोंडपाठ करायचा. सी मंकीजच्या चित्रात एक गुलाबी कुटुंब असायचं, आई बाबा पोरं, डोक्यावर मुकुटासारखे तुरे, मागे पाण्यात राजवाडा. कूपन कापा, डॉलर पाठवा. आता गिरगावात राहणाऱ्या शाळकरी पोराने डॉलर आणायचे कुठून! त्यामुळे ती खेळणी घरी कधी आलीच नाहीत आणि डोक्यात मात्र एकदम झकास राहिली.

अमेरिकेतल्या ज्या पोरांच्या घरी ती पोचली त्यांची काय गंमत झाली ते वाचण्यासारखं आहे. सी मंकीज म्हणजे आर्टेमिया, खाऱ्या पाण्यातली चिमुकली कोळंबी. हॅरोल्ड फॉन ब्राउनहट नावाच्या माणसाने १९६० मध्ये ती 'इन्स्टंट लाइफ' म्हणून बाजारात आणली, १९६२ ला नाव बदलून सी मंकीज केलं आणि मग खप वाढला. यांची अंडी कोरडी ठेवली तर वर्षानुवर्षं तशीच टिकतात, हे खरंच आहे. डोकं कुठे लावलंय बघा, पहिली पुडी पाणी शुद्ध करायची म्हणून टाकायला सांगायचे पण अंडी त्यातच असायची, दुसऱ्या दिवशी 'अंड्यांची' पुडी टाकली की आधीच बाहेर आलेले जीव हलताना दिसायचे आणि पोरांना वाटायचं एका क्षणात जीव आला. आणि चित्रातल्या राजघराण्याचं काय, तर बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं की हे व्यंगचित्र आहे, खरा प्राणी असा दिसत नाही.

बाकीच्यांचंही तेच. एक डॉलरचा एक्स-रे चष्मा म्हणजे पुठ्ठ्याच्या दोन थरांमध्ये अडकवलेलं पक्ष्याचं पीस, त्यातून प्रत्येक गोष्ट दोनदा दिसते आणि मधला गडद भाग हाडासारखा भासतो. ६.९८ डॉलरची सात फुटी 'पोलॅरिस' नावाची खेळण्यातली पाणबुडी, ती पुठ्ठ्याची. जाहिरातीत मटेरियल लिहिलेलं होतं हां, फायबरबोर्ड, पण आठ वर्षांच्या पोराला काय कळणार ते. सात फुटी भूत म्हणजे फुगा, पांढरं प्लास्टिक आणि दोरा. म्हणजे शब्दात पकडायला गेलं तर फारसं खोटं सापडत नाही, खोटं बोलायचं सगळं काम चित्राकडे. तरी पोरांच्या हातात चष्मा तरी पडायचा, जिवंत कोळंबी तरी पडायची.

आमच्या पार्सलमध्ये काय होतं? एक प्लास्टिकची बरणी, छोटा चमचा, मिठाची पुडी आणि त्या जुन्या जाहिरातीचा गुळगुळीत कागदावर काढलेला कलर प्रिंट. अंडी नाहीतच. डिलिव्हरीवाल्याला आधी उघडून दाखव म्हटलं तर तो म्हणाला, "मॅडम, पैसे दिल्याशिवाय बॉक्स उघडता येत नाही," आणि त्याचा बिचाऱ्याचा दोषही नाही, कॅश ऑन डिलिव्हरीत पैसे दारात देता एवढंच, माल तपासून देता असं नाही. मग साइटवर परत गेले तर फोटोच्या खाली, 'आणखी वाचा' दाबल्यावर, बारीक अक्षरात होतं की हा कलेक्टिबल आर्ट प्रिंट असून सोबत सजावटीच्या वस्तू आहेत. म्हणजे मूळवाल्यांनी चित्र दाखवून कोळंबी विकली, यांनी चित्रच विकलं! दादा प्रिंट बघून खो खो हसला आणि म्हणाला फ्रेम करून लाव, मला मात्र अजिबात हसू आलं नाही.

खऱ्या सी मंकीज अमेरिकेत अजूनही विकल्या जातात, त्यांचा या लोकांशी काही संबंध दिसत नाही. या साइटवर पत्ता नाही, फोन नाही, नुसता एक फॉर्म. आपल्याकडे २०२० चे ई-कॉमर्स नियम आहेत, त्यात विक्रेत्याने कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव दाखवायलाच लागतं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निकाल महिन्याभरात. हे दिसलं नाही तर ऑर्डर टाकूच नका, मग रील कितीही गोड असू दे. आणि ऑर्डर टाकायच्या आधी पूर्ण वर्णनाचा स्क्रीनशॉट काढा, फोटोचा नाही, वर्णनाचा, कारण तक्रार केल्यावर पान गायब होतं, आमचं झालं.

यापेक्षा डेंजर पुढचा भाग. त्यांच्या पोस्टखाली मी पैसे परत मागितले, तर संध्याकाळी एकाचा फोन, मी रिफंड डिपार्टमेंटमधून बोलतोय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करा आणि पिन टाका. पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात, हे घरातल्या प्रत्येक काका-मावशीला सांगून ठेवा. मी फोन कट केला. असं कुणाच्या खात्यातून पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, जितका उशीर तितके ते पैसे पुढच्या पुढच्या खात्यांत पळतात. नुसता माल चुकीचा आला असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. माझी तक्रार तिथे नोंदवलीय, अजून उत्तर आलेलं नाही.

पेजचं नाव आता बदललंय, रील तेच आहे, किंमत ९९९ केलीये.