‘एन्क्रिप्टेड’ कार्डाच्या नावाखाली आमच्या सोसायटीची झालेली फसवणूक

भांडुप येथील आमच्या सोसायटीचा पुनर्विकास पूर्ण झाल्यावर लॉबीचे दरवाजे आणि पार्किंगचे फाटक कार्डावर चालवावे, असा ठराव सर्वसाधारण सभेत मंजूर झाला. ज्या ठेकेदाराला हे काम मिळाले त्याच्या कोटेशनमध्ये ‘१३.५६ मेगाहर्ट्झ एन्क्रिप्टेड (म्हणजे माहिती कूटलिपीत ठेवणारे) स्मार्ट कार्ड, संस्थेसाठी स्वतंत्र गुप्त फॉरमॅट’ असे स्पष्ट लिहिले होते आणि कार्डाचा दर ३५० रुपये होता. हे कार्ड बाहेर कोठेही बनत नसल्यामुळे हरवल्यास ते ठेकेदाराकडूनच घ्यावे लागेल, अशी अटही त्यात होती. कमिटीचा खजिनदार या नात्याने सर्व कागदपत्रे माझ्याकडे असल्यामुळे हा अनुभव लिहून ठेवत आहे.

मुलुंडला राहणारी एका सभासदाची बहीण रक्षाबंधनाला आली असता तिने सवयीने स्वतःच्या इमारतीचे कार्ड आमच्या रीडरवर धरले आणि दरवाजा उघडला. संगणकातील नोंदीत त्या क्षणी चौथ्या मजल्यावरील एका ज्येष्ठ सभासदांचे नाव उमटले होते. ते तर महिनाभर कोकणात गावी होते. चौकशीत कळले की मुलुंडच्या इमारतीचे कामही याच ठेकेदाराने केले होते. त्याने ‘सॉफ्टवेअरमधील किरकोळ दोष’ असे सांगून विषय मिटवण्याचा प्रयत्न केला.

आमच्याच विंगमध्ये सुरक्षा यंत्रणांच्या कामातून निवृत्त झालेले एक अभियंते राहतात. त्यांनी प्रथम कार्ड स्वतःच्या मोबाइलच्या पाठीला लावून पाहिले. एनएफसी, म्हणजे जवळ धरलेले कार्ड वाचण्याची सोय, असलेला फोन १३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डाला प्रतिसाद देतो, १२५ किलोहर्ट्झच्या कार्डाला देत नाही. आमच्या एकाही कार्डाला फोनने दाद दिली नाही. म्हणजे कोटेशनमधील पहिला शब्दच खोटा होता आणि हातात आलेली कार्डे जुन्या, कोणत्याही कुलपाविना आपला क्रमांक सांगून टाकणाऱ्या प्रकारची होती. लॅमिंग्टन रोडवर अशी कोरी कार्डे किरकोळ किमतीत मिळतात आणि त्यांवर क्रमांक लिहिणारे हातातले यंत्रही तेथेच मिळते.

‘गुप्त फॉरमॅट’ची गोष्ट त्याहून वाईट निघाली. रीडरकडून कंट्रोलरकडे, म्हणजे दरवाजा उघडायचा की नाही हे ठरवणाऱ्या यंत्राकडे, जाणारी माहिती वीगँड नावाच्या साध्या २६ बिटांच्या (० किंवा १ अशा २६ अंकांच्या) फॉरमॅटमध्ये होती, जो अनेक दशके जगभर खुला आहे. त्यात इमारत ओळखण्यासाठी ८ बिटांचा साइट कोड असतो, १६ बिटांचा कार्ड क्रमांक असतो आणि दोन्ही टोकांना एकेक पॅरिटी बिट असतो. साइट कोड ० ते २५५ आणि कार्ड क्रमांक ० ते ६५,५३५ एवढाच असू शकतो. शिवाय कोणता कोड कोणत्या इमारतीला दिला याची मध्यवर्ती नोंद कोणीही ठेवत नाही, त्यामुळे सगळा भरवसा कार्ड पुरवणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर असतो. या ठेकेदाराने मुलुंडला साइट कोड १ दिला होता, आम्हालाही १ दिला होता आणि दोन्हीकडे कार्डे १ या क्रमांकापासून सुरू केली होती. दोन इमारतींत एकाच क्रमांकाची शेकडो कार्डे वापरात असताना दरवाजा न उघडता तरच नवल. सभेत त्याच्या तंत्रज्ञाने पॅरिटीचे दोन बिट हेच एन्क्रिप्शन असल्याचे सांगितले. वस्तुतः पॅरिटी फक्त तारेतून जाताना एखादा बिट चुकला का, एवढेच तपासते. ती काहीही लपवत नाही.

वाद वाढल्यावर त्याने अर्ध्या दरात ‘अपग्रेड’ देऊ केले, आणि फसवणुकीचा हा दुसरा टप्पा ओळखणे अधिक कठीण होते. या वेळी कार्डे खरोखर १३.५६ मेगाहर्ट्झची होती, फोनही प्रतिसाद देत होता आणि बरेचसे सभासद समाधानी झाले. अभियंत्यांनी मात्र आपल्या जुन्या कार्यालयाचे ओळखपत्र यंत्रणेत नोंदवून पाहिले आणि ते बिनतक्रार नोंदले गेले. कार्डातील सुरक्षित भाग गुप्त किल्लीने वाचणाऱ्या यंत्रणेने परके कार्ड नाकारले असते. आमचा रीडर कार्डाचा केवळ अनुक्रमांक वाचत होता, जो एनएफसी असलेला फोनही किल्लीविना वाचू शकतो. वर त्या अनुक्रमांकाच्या ३२ बिटांपैकी ८ गाळून उरलेले २४ पुन्हा त्याच २६ बिटांच्या चौकटीत कोंबत होता. अनुक्रमांक हवा तसा बदलता येणारी कोरी कार्डेही बाजारात आहेत. आणखी एक गोष्ट म्हणजे ही कार्डे मायफेअर क्लासिक प्रकारची होती, ज्यांचे कूटलेखन नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्येच फोडले होते. त्यामुळे सुरक्षित भाग वापरला असता तरी ‘एन्क्रिप्टेड’ या शब्दाला फारसे वजन उरले नसते.

नव्या निविदेत आम्ही आता विशेषणे स्वीकारत नाही. कार्डाचा नेमका प्रकार, बिटांची संख्या, साइट कोड, क्रमांकांची मालिका आणि रीडर अनुक्रमांक वाचतो की सुरक्षित भाग, हे लेखी मागतो. डेसफायर या अधिक सुरक्षित प्रकारची, एईएस या भक्कम कूटलेखन पद्धतीची किल्ली असलेली कार्डे आणि ती किल्ली सोसायटीच्या ताब्यात, अशी अट घातली आहे. रीडर ते कंट्रोलर संपर्क वीगँडऐवजी ओएसडीपी या नव्या संपर्क पद्धतीवर हवा, जे आयईसी ६०८३९-११-५ या नावाने २०२० पासून आंतरराष्ट्रीय मानक आहे. पण त्यातील सुरक्षित मार्ग चालू केला आहे आणि मूळची सर्वांना ठाऊक असलेली किल्ली बदलली आहे, हे समोर बसून दाखवून घेणार आहोत. केवळ तारा पाहून हे कळत नाही, कारण बऱ्याच रीडरमध्ये वीगँड आणि ओएसडीपी या दोन्ही पद्धतींसाठी त्याच तारा वापरतात.

शेवटचा हप्ता आम्ही रोखून धरला असून त्यासाठी ठेकेदाराची वकिलामार्फत नोटीस आली आहे. उत्तरासोबत कोटेशनची प्रत आणि दोन्ही चाचण्यांचे पंचांसमक्ष केलेले चित्रीकरण जोडले आहे. ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे असते, म्हणून तीही तयार ठेवली आहे. दरम्यान कांजूरमार्गच्या एका सोसायटीने आम्हाला दाखवलेल्या कोटेशनवर लेटरहेड वेगळे आहे, परंतु ‘संस्थेसाठी स्वतंत्र गुप्त फॉरमॅट’ हे शब्द आणि कार्ड ठेकेदाराकडूनच घेण्याची अट तंतोतंत तीच आहे.