लाल माइटवर उपाय : उद्यमनगरातून करून घेतलेलं लोखंडी खुराडं

परसातल्या कोंबड्यांना लाल माइट, म्हणजे रक्त पिणारे बारीक किडे, लागले की सगळे आधी औषधाच्या दुकानात जातात. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेले आणि एका छोट्या वर्कशॉपमधून लोखंडी खुराडं करून घेतलं. अख्खा पावसाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा त्यानं काढला, म्हणून आता खात्रीनं लिहिते.

आधीचं खुराडं आंब्याच्या फळ्यांचं होतं. तिन्हीसांजेला कोंबड्या आत जायला तयार होईनात, पेरूच्या झाडावर चढून बसायच्या. तुरे फिके पडले, अंडी घटली, अंड्यांच्या टरफलावर बारीक तांबडे ठिपके दिसू लागले. रवणीला (अंडी उबवायला) बसवलेली खुडूक कोंबडी अंडी टाकून उठली, तेव्हा मात्र रात्री बॅटरी घेऊन बघितलं. बसायच्या दांडीच्या टोकाला, फळीच्या सांध्यात सुरीचं पातं फिरवलं तर राखेसारखी भुकटी खाली कागदावर पडली आणि ती भुकटी चालायला लागली. उपाशी माइट करडे होते, रक्त प्यालेले तांबडे. अंगठ्यानं दाबलं की कागदावर रक्ताची रेघ उठायची.

हा किडा कोंबडीच्या अंगावर राहत नाही, ही यातली मुख्य गोष्ट. दिवसभर फटीत लपतो, रात्री चालत येऊन रक्त पितो आणि परत फटीत जातो. उबदार हवेत अंड्यापासून आठवडाभरात पूर्ण वाढतो. कोंबड्या हलवून खुराडं रिकामं ठेवलं तरी उपाशीपोटी कित्येक महिने तग धरतो. मग कोंबडीला नुसती पावडर चोळून काय होणार? डायटोमेशियस अर्थची, म्हणजे सूक्ष्म शेवाळाच्या जीवाश्मांची, पावडरही लोक सुचवतात. ती कोरडी असेल तोवरच काम करते, आणि आमच्या कसबा बावड्यात जुलैमध्ये कोरडं काय राहतं!

एका दुकानात मला कुत्र्यांच्या गोचिडांवरचा फिप्रोनिलचा स्प्रे पुढं केला. मी घेतला नाही, तुम्हीही घेऊ नका. 2017 मध्ये नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच लाल माइटसाठी पोल्ट्रीत बेकायदा फिप्रोनिल वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी बाजारातून परत घ्यावी लागली. आमच्या घरची अंडी शेजारच्या बाळंतिणीला जातात.

तर वर्कशॉपबद्दल. मालक स्वतःच मिस्त्री आहेत. पहिल्यांदा म्हणाले, “काकी, जाळीला वेल्डिंगचे टाके मारून भागतंय की.” मी म्हटलं, “दोन टाक्यांच्या मधी फट राहती मिस्त्री, किडा तिथंच बसतोय.” त्यांनी जुन्या फळीचा तुकडा मागवून घेतला, उन्हात धरून सांधा बघितला आणि पुन्हा वाद घातला नाही. अँगलचे सगळे जोड सलग वेल्डिंग करून ग्राइंडरनं घासून दिले. चौकोनी पाइपांची उघडी तोंडं पत्रा लावून बंद केली. हे आवर्जून सांगा, कारण पोकळ पाइप म्हणजे माइटला बांधून दिलेली चाळच.

बसायच्या दांड्या लोखंडी नकोत, असं मिस्त्रींनीच सुचवलं. त्यांनी दोन्ही बाजूंना यू आकाराचे हुक दिले आणि त्यात मी खोऱ्याचे गुळगुळीत दांडे ठेवले. टोकं भिंतीला टेकत नाहीत. दांडा उचलायचा, उकळतं पाणी ओतायचं, उन्हात टाकायचा, झालं. मला सगळ्यात आवडलं ते पायांचं काम. चारही पाय तेलाच्या वाट्यांत उभे आहेत आणि प्रत्येक वाटीवर पायालाच पत्र्याची छोटी छत्री वेल्ड केली आहे, म्हणजे पावसाचं पाणी आत पडत नाही. वाटीत मी तळणीचं उरलेलं तेल घालते. चढायची शिडी रात्री काढून ठेवावी लागते, नाहीतर किडा तिच्यावरून वर येतो. झाडाची फांदीही खुराड्याला टेकू देऊ नका.

नव्या घरात जाण्याआधी कोंबड्यांना पशुवैद्यकीय डॉक्टरांना दाखवून घेतलं. जुन्या फळ्या जाळल्या. आजूबाजूच्या भिंतीच्या फटींत डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात डेल्टामेथ्रिन हे कीटकनाशक मारलं, तेही कोंबड्या लांब बांधून, खाद्य-पाण्याची भांडी उचलून. पहिल्या फवारणीतून माइटची अंडी वाचतात, म्हणून आठवड्यानं परत मारलं. हे औषध मासे आणि मधमाशांना घातक आहे. उरलेलं पाणी ओढ्यात, गटारात सोडू नका.

आता उणिवा. जोडांवरून गॅसची फ्लेम गन फिरवता यावी म्हणून आतल्या बाजूला रंग नको म्हटलं होतं. ते बरोबरच होतं, पण पावसाळ्यात तिथं गंज धरला. आता फ्लेम फिरवून, लोखंड गार झालं की तेलाचा बोळा पुसते. जाळीला जस्ताचा मुलामा आहे, तिच्यावर फ्लेम अजिबात धरत नाही, कारण जस्त तापलं की त्याचा धूर माणसाला बाधतो. जाळीला ब्रश आणि उकळतं पाणी. शिवाय दार जड झालंय आणि बिजागरीच्या मागं एक बारीक फट राहिलीच. महिन्याभरानं रात्री कागद लावून बघितला तेव्हा त्याच जागी थोडे माइट सापडले. मिस्त्रींना फोन केला तर संध्याकाळी स्कूटरवर मशीन घेऊन आले, फट भरली आणि वेगळे पैसे घेतले नाहीत. मनापासून काम करणारा माणूस आहे. वेळ मात्र सांगितल्यापेक्षा बराच जास्त लावला, तेवढं धरून चाला. दर किलोवर होता, टेम्पोचं भाडं वेगळं.

कोंबड्या आता अंधार पडायच्या आत स्वतःहून आत जातात. तुरे लाल झालेत. या उन्हाळ्यात खुडूक शेवटपर्यंत बसली आणि पिल्लं निघाली.

तुम्ही करून घेणार असाल तर आधी एक तपासा. दिवसा कोंबडी उलटी धरून गुदाजवळची पिसं फुंकून बाजूला करा. तिथं भरउजेडात किडे पळताना दिसले तर तो वेगळा माइट, तो अंगावरच राहतो. त्याला लोखंडी खुराड्यानं काही फरक पडणार नाही, कोंबडीवरच उपचार लागतील. तेव्हा वेल्डिंगवर खर्च करण्याआधी डॉक्टरांकडे जा.