काड्या फुल्ल, नेट गुल: वायफायवाल्याने मला कसं फसवलं

गेल्या आठवड्यात इचलकरंजीहून एका अनोळखी ताईंचा फोन आला. "तुमचा व्हिडिओ बघितला. घरभर रेंज येते म्हणताय. खरंच येते का हो? आमच्याकडे परवा बसवायला येणारेत."

मला काही उमजेना. मग त्यांनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला. त्यात मीच! मागे फळ्यावर अर्धवट सोडवलेलं वर्गसमीकरण, फळ्याच्या कोपऱ्यात क्लासचा नंबर (तिथूनच त्यांनी तो घेतला होता), आणि मी हसत हसत सांगतेय, "आता वरच्या खोलीतही फुल्ल रेंज आहे, मी एकदम समाधानी आहे." दहा महिन्यांपूर्वीचा व्हिडिओ. ज्याने माझ्याकडून १८,४०० रुपये घेतले, त्यानेच तो काढला होता. आता तो माझं तोंड दाखवून पुढची गिऱ्हाइकं पटवतोय. इतके दिवस लाजेने गप्प होते, पण हे बघितल्यावर लिहायला बसले.

आमचं घर कोल्हापुरात, पेठेतलं. खालचा भाग सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळचा, भिंती दोन-दोन फुटी. वरचा मजला नंतर चढवलेला, मधे आरसीसीचा स्लॅब. फायबरवाल्यांनी राऊटरचा डबा पुढच्या सोप्यात लावला, कारण वायर रस्त्याच्या बाजूने आत आली. आबा टीव्ही बघतात तिथे नेट छान चालायचं. माझा दहावीच्या गणिताचा ऑनलाइन क्लास मात्र वर, मागच्या खोलीत. तिथे पोहोचेपर्यंत त्या वायफायचा जीव जायचा. मुलं म्हणायची, "मॅडम, तुम्ही हात वर करून थांबलाय." मी इकडे अख्खं उदाहरण सोडवून मोकळी, आणि तिकडे माझा हात हवेत.

कनेक्शन १०० एमबीपीएसचं (एमबीपीएस म्हणजे नेटचा वेग मोजायचं माप). हा आकडा लक्षात ठेवा.

एका ओळखीच्या दुकानदाराने नंबर दिला. दुसऱ्या दिवशी तिशीचा एक मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक. बोलणं तर इतकं गोड की आबांनी त्याला स्वतःहून चहा सांगितला. त्याने घरभर फिरून भिंतींवर टकटक केलं. "ताई, ह्या भिंतीतून साधा राऊटर जाणारच नाही. तुम्हाला मेश लागणार. तीन युनिट. माजघरात एक, जिन्यात एक, वर एक."

भिंतींबद्दल तो खरं बोलला, आणि मी त्यातच अडकले. जाड भिंत, सळयांचा स्लॅब, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी या सगळ्यांनी वायफाय मार खातं. मेश (एकमेकांशी जोडलेले दोन-तीन डबे मिळून घरभर एकच वायफाय) नावाची गोष्टही खरी असते आणि चांगली असते. निदान बरोबर सांगायचं आणि औषध म्हणून पाणी पाजायचं, असा तो प्रकार होता.

तीन डब्यांचे प्रत्येकी ४,८०० प्रमाणे १४,४००. 'कॉन्फिगरेशन'चे १,५००. वर्षाच्या एएमसीचे, म्हणजे देखभालीचे, २,५००. डबे म्हणजे प्लगमध्ये थेट खोचायचे पांढरे ठोकळे, दोन कान असलेले, पुढे निळा दिवा. खोकं दाखवलं नाही. "सर्व्हिस सेंटरमधून टेस्ट करून आणलेत, म्हणून खोकं नाही," म्हणाला. मी मान डोलावली. भाजी घेताना वांगं उलटंपालटं करून बघणारी मी!

मग डेमो. आम्ही वरच्या खोलीत गेलो. त्याने आधी माझा फोन घेऊन दाखवला: वायफायचं चिन्ह पूर्ण भरलेलं. "बघा ताई, फुल्ल." मग स्वतःचा फोन काढून स्पीड टेस्ट लावली. काटा सरसर वर चढला आणि थांबला १८० वर. मी म्हटलं, आमचं तर शंभरचंच आहे ना? तो म्हणाला, "मेश बूस्ट करतं ताई, हीच तर मजा आहे." वर फोनच्या कोपऱ्यात '५जी' लिहिलेलं होतं, त्यावर त्याने बोट ठेवलं. "बघा, फाइव्ह-जी पण पकडलं."

आमच्या वायफायची दोन नावं दिसतात, त्यातल्या एकाच्या शेवटी '५जी' आहे. मला वाटलं, हेच ते. ते तसं नव्हतं. वायफायच्या नावातलं ५जी म्हणजे ५ गिगाहर्ट्झची लहर. मोबाईलच्या कोपऱ्यातलं ५जी म्हणजे मोबाईल कंपनीचं नेट, पाचवी पिढी. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. त्या पठ्ठ्याने स्वतःच्या फोनचं वायफाय बंद ठेवून मोबाईल डेटावर टेस्ट दाखवली होती. १८० आले ते आमच्या डब्यातून नव्हे, बाहेरच्या टॉवरवरून.

वीस वर्षं मी मुलांना सांगतेय, उत्तर आलं की ते शक्य आहे का ते आधी बघा. वडिलांचं वय मुलापेक्षा कमी आलं तर गणित चुकलंय. शंभर लिटरच्या टाकीतून कोणी एकशे ऐंशी लिटर काढून दाखवले, आणि मी टाळ्या वाजवल्या.

त्याच भरात त्याने व्हिडिओ काढला. "ताई, कंपनीला फीडबॅक पाठवायचा असतो, दोन शब्द बोला." मी बोलले. पैसे यूपीआयने दिले, ते कुठल्याशा बाईंच्या नावावर गेले. "वहिनींचं खातं आहे," म्हणाला. बिल म्हणून जो कागद दिला त्यावर ठळक अक्षरात 'कोटेशन' होतं. जीएसटी नंबर नाही, डब्यांचा सिरीयल नंबर नाही. हेही मी घरी कोणी न विचारल्यामुळे महिनाभर वाचलं नाही.

संध्याकाळी क्लास सुरू झाला आणि पंधराव्या मिनिटाला, "मॅडम, तुम्ही थांबलाय."

चिन्ह मात्र भरलेलं. काड्या फुल्ल. त्याला फोन केला की तो विचारायचा, "काड्या किती दिसतात? पूर्ण ना? मग प्रॉब्लेम तुमच्या नेटकंपनीचा आहे." नेटकंपनीला फोन केला की ते सोप्यात येऊन ९४ दाखवून जायचे. दोन महिने मी या दोघांमध्ये टोलवली जात होते. ह्यांचं म्हणणं, तुझा लॅपटॉपच जुना झालाय. नवीन लॅपटॉप घ्यायच्या बेताला आले होते मी.

दिवाळीत भाचा आला. पुण्यात नेटवर्किंगचंच काम करतो. त्याने फराळाच्या ताटावरूनच जिन्यातल्या ठोकळ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आत्या, हे कितीला घेतलंस?" आकडा ऐकून त्याने चकली खाली ठेवली.

त्याने ठोकळा प्लगमधून काढला आणि मागच्या चकचकीत स्टिकरखाली नख घातलं. स्टिकर सुटला. खाली दुसरा स्टिकर, मूळचा, बारीक अक्षरांचा: ३०० एमबीपीएस, २.४ गिगाहर्ट्झ, रिपीटर. म्हणजे आलेला सिग्नल नुसता पुढे ढकलणारा डबा. मेश वगैरे काही नाही. ५ गिगाहर्ट्झ त्यात मुळातच नव्हतं, त्यामुळे त्या डब्याने 'फाइव्ह-जी पकडणं' शक्यच नव्हतं. तसाच ठोकळा त्याने ऑनलाइन काढून दाखवला, सातशे-आठशे रुपयांना. आणि ते ३०० म्हणजे कागदावरचा आकडा. एवढं नेट घरात येणार असा त्याचा अर्थ नाही.

मग तो फोन घेऊन डब्यागणिक फिरला. मोबाईल डेटा बंद, फक्त वायफाय. सोप्यात ९४. माजघरातल्या डब्यापाशी ३८. जिन्यात १४. वर माझ्या टेबलावर ५, तेही खालीवर होणारे. आणि चारही ठिकाणी काड्या फुल्ल!

"काड्या खोटं बोलत नाहीत आत्या, पण त्या वेगळंच सांगतात," तो म्हणाला. फोनवरच्या काड्या म्हणजे फोन आणि समोरचा डबा यांच्यातल्या सिग्नलचा जोर. डबा हातभर लांब असेल तर काड्या भरणारच. त्या डब्याला मागून काय मिळतंय, हे काड्या सांगत नाहीत. नळ चकचकीत आहे म्हणून टाकीत पाणी असतंच असं नाही.

वेग का पडतो हेही त्याने सांगितलं. असल्या रिपीटरला एकच रेडिओ. त्याच लहरीवर ऐकायचं आणि त्याच लहरीवर पुढे सांगायचं, आणि दोन्ही एकाच वेळी जमत नाही. म्हणजे अर्धा वेळ ऐकण्यात, अर्धा सांगण्यात, वेग निम्मा. आमच्याकडे असे तीन एकामागोमाग एक लावलेले. शिवाय माजघरातला डबा दोन फुटी भिंतीच्या पलीकडे, म्हणजे त्याला स्वतःलाच धड ऐकू येत नव्हतं. तो काय पुढे सांगणार?

आणखी एक. त्या वायफायवाल्याने आमच्या मुख्य डब्याचा पासवर्ड बदलून स्वतःचा ठेवला होता. ठोकळ्यांना तर 'ॲडमिन-ॲडमिन' हाच. माझ्या घराची किल्ली तोपर्यंत एका भामट्याच्या खिशात होती म्हणायची. भाच्याने सगळं रिसेट करून पासवर्ड नव्याने टाकले, हे पहिलं काम केलं.

(त्या मुलाने मला मोबाईलचा 'सिग्नल बूस्टर'ही ९,००० ला देऊ केला होता. तो घेतला नाही हे नशीब. मोबाईलचा बूस्टर दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय घरात बसवणं बेकायदा आहे. वायफायच्या राऊटरला परवाना लागत नाही म्हणून हाही चालत असेल असं वाटतं, पण तसं नाही.)

त्याच्या दुकानात गेले. तोच मुलगा काउंटरवर. एका क्षणाचाही संकोच नाही. "ताई, तुमच्यासमोर १८० दाखवले. तुमचा व्हिडिओ आहे माझ्याकडे." म्हणजे तो फीडबॅक यासाठी होता. मी आवाज चढवल्यावर आतून एक पोक्त गृहस्थ आले आणि म्हणाले, "काकू, बाईमाणसाला टेक्निकल कळत नाही, घरी साहेबांना पाठवा." त्या वाक्याचा राग अजून गेलेला नाही, पैशांचा एक वेळ जाईल.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. पाठोपाठ रजिस्टर्ड पोस्टाने पत्र पाठवलं: यूपीआयची पावती, 'कोटेशन', दोन्ही स्टिकरांचे फोटो, आणि पंधरा दिवसांत पैसे न दिल्यास जिल्हा ग्राहक आयोगात जाईन हे वाक्य. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही, वकील लागतोच असं नाही, आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. बाराव्या दिवशी ७,००० रुपये परत आले, त्याच 'वहिनीं'च्या खात्यावरून, शब्दही न बोलता. बाकीच्यासाठी आयोगात जायचं की नाही यावर घरात दोन मतं आहेत. माझं मत जायचं.

नेटचं शेवटी काय केलं? एक केबल. सोप्यातल्या डब्यापासून बाहेरच्या भिंतीने वर, २२ मीटर, केसिंग-पट्टीत. वर आमचाच जुना राऊटर, जो आधीच्या कनेक्शनचा माळ्यावर पडून होता. भाच्याने त्याला ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलने आलेलं नेट वायफायने वाटणारा डबा, करून दिला. त्यातही एक गंमत झाली. कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली 'प्युअर कॉपर कॅट-सिक्स' केबल त्याने उघडली, एक तार ब्लेडने खरवडली. वरचं तांबं निघालं आणि आत पांढरी ॲल्युमिनियम. परत केली, दुसरीकडून खरी आणली. जोडताना कारागीर आठपैकी चारच तारा बसवत होता, "एवढ्यावर चालतंय की." चालतं, पण १०० च्या वर कधी जात नाही, उद्या २०० चं कनेक्शन घेतलं तर तिथेच अडकणार. आठही बसवून घेतल्या. सगळं मिळून २,३०० रुपये. वर आता ९२ येतात आणि मुलांना माझा हात हलताना दिसतो.

इचलकरंजीच्या ताईंना मी हे सगळं एवढ्या पाल्हाळाने सांगितलं नाही. एवढंच सांगितलं: तो आला की पैसे काढायच्या आधी सगळ्यात लांबच्या खोलीत न्या, दार लावा, आणि त्याच्या नव्हे, तुमच्या फोनवर टेस्ट करा. फोन आधी विमान मोडवर टाका आणि मग फक्त वायफाय चालू करा. दहा मिनिटांच्या अंतराने तीनदा. आणि डब्याच्या मागचा स्टिकर नखाने उचलून बघा.

काल त्यांचा फोन आला. तो आला होता. विमान मोड म्हटल्याबरोबर त्याला दुसऱ्या साइटवरून अर्जंट कॉल आला आणि सॅक उचलून गेला. ॲडव्हान्स घेतलेले २,००० घेऊन. ताई आता त्याच्या 'वहिनीं'च्या खात्याचा स्क्रीनशॉट मला पाठवतायत. नाव तेच आहे.