शंभर फुटी रस्त्याजवळचे पाटी नसलेले सायकल दुरुस्तीचे दुकान : एक अनुभव

सांगलीत ज्यांच्या घरी जुनी सायकल जिन्याखाली गंजत पडली आहे आणि ज्यांची साठी उलटली आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. शंभर फुटी रस्त्यावरून गॅरेजांच्या गल्लीत आत वळले की डाव्या हाताला पत्र्याची एक शेड लागते. दुकानाला पाटी नाही. दारात जुन्या रिमा टांगलेल्या असतात आणि आत जेमतेम दोन सायकली उभ्या राहतील एवढीच जागा आहे. तेथील वयस्कर मिस्त्रींना सगळेच चाचा म्हणतात.

माझी सायकल वडिलांनी १९८१ मध्ये, मी विलिंग्डन महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा घेऊन दिलेली. लेडीज सायकल, २६ इंची चाके, रॉड ब्रेक आणि साडी-ओढणी अडकू नये म्हणून मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी जाळी. गावभागातून विश्रामबागच्या महाविद्यालयात रोज तिच्यावरून जाणे-येणे होई. पुढे शाळेत नोकरी लागल्यावरही अनेक वर्षे मी तीच वापरली. नंतर स्कूटी आली आणि सायकल मागच्या पडवीत गेली. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात, आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना कृष्णेचे पाणी ५७ फुटांवर गेले, तेव्हा आमच्या तळमजल्यासोबत ती सायकलही बुडाली. पूर ओसरल्यावर आम्ही तिच्यावरचा गाळ नळीच्या पाण्याने धुतला, पण आत शिरलेल्या गाळाचा विचार कोणी केला नाही.

निवृत्तीनंतर गुडघे दुखू लागले. शरीराचा बराचसा भार सीटवर राहत असल्याने सायकल चालवताना चालण्यापेक्षा गुडघ्यांवर कमी ताण येतो, असे डॉक्टरांनी सांगितले, म्हणून प्रथम मी शहरातल्या एका मोठ्या शोरूममध्ये गेले. तेथे मला जाड टायरची, आडव्या नळीची गिअरची सायकल दाखवण्यात आली. साडी नेसणाऱ्या बाईला ती नळी ओलांडता येईल का, एवढी विचारपूसही कोणी केली नाही. जुन्या सायकलचा विषय काढला, तर ती भंगारात घाला, असे उत्तर मिळाले. त्या उत्तराने मला अतिशय वाईट वाटले. एका शेजाऱ्यांनी चाचांकडे जायला सांगितले नसते, तर सायकल बहुधा खरोखरच भंगारात गेली असती.

चाचांनी प्रथम सायकल उचलून मागचे चाक फिरवले आणि दुसरा हात सीटवर ठेवून ते क्षणभर थांबले. चाकाची खरखर सीटपर्यंत येत होती. मग खालची नळी पान्याने ठिकठिकाणी ठोकून ते म्हणाले, "ताई, छर्रे गेलेत, पण नळी शाबूत आहे. सायकल उभी राहील." छर्रे म्हणजे चाकाच्या आत आसाभोवती फिरणाऱ्या पोलादी गोळ्या.

मागचे चाक त्यांनी माझ्यासमोरच खोलले. छर्रे ज्यात बसतात त्या कपात चॉकलेटी रंगाचा गाळ खडीसारखा घट्ट बसला होता आणि त्यात एका बाजूला नऊ, दुसऱ्या बाजूला नऊ असे पाव इंची छर्रे रुतले होते. बोटावर घेतलेल्या छऱ्याला खड्डे पडलेले स्पष्ट दिसत होते आणि छर्रे आतून दाबून धरणाऱ्या निमुळत्या नटावर, म्हणजे कोनवर, चर उमटली होती. रॉकेलने सर्व धुऊन, कपात ग्रीस भरून त्यांनी नवे छर्रे स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने एकेक करून बसवले. कोन किती आवळायचा, याची त्यांची परीक्षा मी यापूर्वी पाहिली नव्हती. चाक हलकेच सोडून दिल्यावर व्हॉल्व्हची जड बाजू आपोआप खाली आली, पाळण्यासारखी दोन-तीनदा झुलली आणि मग स्थिर झाली. चाक मध्येच अडले तर कोन घट्ट आणि हाताने डगडगले तर सैल, असे त्यांनी समजावून सांगितले.

मात्र माझ्या दृष्टीने त्या दुकानाचे खरे काम यानंतर झाले. सायकल तयार झाल्यावर चाचांनी मला भिंतीला हात टेकून सीटवर बसायला सांगितले आणि पायडल अगदी खाली असताना त्यावर टाच ठेवायला लावली. टाच टेकली असता गुडघा सरळ व्हायला हवा, म्हणजे पायाचा पुढचा भाग ठेवून चालवताना तो किंचित वाकलेला राहतो. माझी सीट चार बोटे खाली होती. पडण्याच्या भीतीने वयस्कर माणसे दोन्ही पाय जमिनीला पूर्ण टेकतील एवढी सीट खाली घेतात आणि त्यामुळे प्रत्येक पायडलला गुडघा नको इतका दुमडतो, हे मला ६१ व्या वर्षी प्रथमच कळले. उतरताना सीटवरून पुढे सरकून पाय टेकायचा, हे त्यांनी माझ्याकडून गल्लीत दहा वेळा करून घेतले. कोणत्याही दुकानदाराने एवढा वेळ द्यावा, ही अपेक्षाच मी सोडली होती.

खर्च एकूण २,१५० रुपये आला. त्यात दोन टायर, दोन ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकची रबरे, सर्व छर्रे आणि मजुरी आली. लेखी बिल मिळत नाही. आठ दिवसांचा वायदा होता, सायकल सतराव्या दिवशी मिळाली. घाई असणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. पहिल्या आठवड्यातच डाव्या पायडलला दर फेरीला टिकटिक येऊ लागली. नवी कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा आसाला धरून ठेवणारी खीळ, थोडी चालवल्यावर बसते आणि पुन्हा आवळावी लागते, असे सांगून ते काम त्यांनी पैसे न घेता करून दिले. रॉड ब्रेकबाबत त्यांनी आधीच सावध केले होते, आणि ते खरे आहे : लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक फार उशिरा लागतो, म्हणून पावसात मी सायकल काढत नाही.

पुढच्या चक्राला ४४ दात, मागे १८, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल साधारण पाच मीटर जाते. सांगलीच्या सपाट रस्त्यांना गिअरची गरज भासत नाही. सध्या आठवड्यातून चार दिवस, सकाळी सहाला मी चिंचेच्या झाडांच्या रस्त्याने हरिपूरला जाते, कृष्णा-वारणेच्या संगमावर संगमेश्वराचे दर्शन घेते आणि परत येते. पहिल्या दिवशी येताना वाऱ्याने पदर फडफडला आणि मागच्या जाळीवर घासल्याचा तोच जुना आवाज आला, तेव्हा मला रस्त्याच्या कडेला थांबावे लागले, इतके भरून आले होते.

दुकान सकाळी दहा ते रात्री आठ उघडे असते, शुक्रवारी दुपारी बंद. ज्यांच्यासाठी सायकल दुरुस्त करायची आहे, त्यांना सोबत अवश्य न्यावे, कारण माणसाला बसवून पाहिल्याशिवाय चाचा सीटची उंची ठरवत नाहीत.