इंजिन उलटं करून दाखवा

सातशे ऐंशी पौंड गेले. आकडा आधीच सांगून टाकतो, कारण गेले पाच महिने ही गोष्ट सांगताना मी तो दर वेळी थोडा कमी करत आलोय. बायकोला पहिल्यांदा सांगितला तेव्हा तो चारशे होता.

मी वेकफिल्डला राहतो, मूळचा भुसावळचा. आजोबा तिथल्या लोको शेडमध्ये फायरमन होते. त्यांच्या हाताचे केस कोळशाच्या धगीने करपलेले असायचे आणि जेवताना ते भाताचा घाससुद्धा फावड्यातून भट्टीत टाकावा तसा तोंडात टाकायचे. इकडे आलो त्या पहिल्याच वर्षी यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात मॅलार्ड पाहिलं. ३ जुलै १९३८ रोजी ग्रँथमच्या दक्षिणेला, स्टोक बँकच्या उतारावर ताशी १२६ मैल धावलेलं निळं इंजिन. त्याच्यासमोर उभा राहिलो आणि कामातून गेलो. तीन वर्षांनी घर घेतलं तेव्हा बायकोने स्वयंपाकघर पाहिलं, मी माळा पाहिला.

माळ्यावर आता चौदा फूट बाय नऊ फुटांत छोट्या मॉडेल रेल्वेचा दुहेरी मार्ग आहे, मधे एक छोटं स्टेशन, नऊ मिलिमीटर प्लायवर. खडी मी स्वतः पसरली. पांढरा डिंक पाण्यात पातळ करून, त्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकून, ड्रॉपरने एकेका स्लीपरच्या मधे सोडायचा. एक मीटरला एक संध्याकाळ जाते. माप आपलं नेहमीचं डबल-ओ, ब्रिटनमधल्या मॉडेल गाड्यांचं. तसा हा छंद मुळातच एका थापेवर उभा आहे. डबल-ओमध्ये इंजिन एका फुटाला चार मिलिमीटर या हिशेबाने बनतं, पण रूळ असतात साडेसोळा मिलिमीटरवर, म्हणजे साडेतीनच्या हिशेबाने. ब्रिटिश गाड्या मुळात अरुंद, त्या काळच्या मोटरी त्यांत मावेनात, म्हणून डबा थोडा फुगवला आणि रूळ तेवढेच ठेवले. ही थाप सगळ्यांना माहीत आहे, कोणाची तक्रार नाही. माझी तक्रार दुसऱ्या थापेबद्दल आहे.

मला 'सिल्व्हर ज्युबिली' हवी होती. राजा पाचव्या जॉर्जच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, ३० सप्टेंबर १९३५ला सुरू झालेली न्यूकॅसल ते लंडन किंग्ज क्रॉस गाडी, चार तासांची. तिच्यासाठी चारच इंजिनं खास रुपेरी-करड्या रंगात निघाली: सिल्व्हर लिंक, क्विकसिल्व्हर, सिल्व्हर किंग, सिल्व्हर फॉक्स. मागे त्याच रंगाचे सात डबे. आमच्या क्लबच्या मासिक पत्रकात मी 'हवे आहे' म्हणून चार ओळी दिल्या. पाचवी ओळ द्यायची काही गरज नव्हती. पण माणसाला हौस. लिहिलं की माझे आजोबा भारतात वाफेच्या इंजिनावर फायरमन होते, त्यांच्या आठवणीसाठी ही गाडी करतोय.

आठवड्याभरात एका बाईंची मेल आली. नवरा दीड महिन्यापूर्वी गेला, वय ७४, त्याचा सगळा संग्रह पडून आहे, आणि त्यात सिल्व्हर लिंक डब्यांसकट मूळ खोक्यात आहे. पुढे लिहिलं होतं की तो उमेदीच्या वयात न्यूटन-ले-विलोजच्या व्हल्कन फाउंड्रीत कामाला होता, भारतात जाणाऱ्या वाफेच्या इंजिनांवर. "तुमच्या आजोबांनी कोळसा घातलेलं एखादं इंजिन त्याच्या हातचं असेल."

आता व्हल्कन म्हटलं की आपल्याकडच्या कुठल्याही रेल्वेवेड्याचा ऊर भरून येतो. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे धावलेल्या पहिल्या गाडीची इंजिनं तिथलीच. मी ती मेल बायकोला वाचून दाखवली. माझा आवाज जड झाला होता, हे ती आजही आठवण करून देते.

गणित साधं होतं आणि मी ते केलं नाही. २०२५मध्ये ७४ वर्षांचा माणूस १९५१चा. सोळाव्या वर्षी कारखान्यात चिकटला धरलं तरी १९६७ उजाडतं. व्हल्कनमध्ये १९६१-६२लाच डेल्टिक डिझेल बनून बाहेर पडली होती, आणि १९६८च्या ऑगस्टमध्ये तर ब्रिटिश रेल्वेनेच वाफ बंद केली. तो बिचारा भारतासाठी वाफेचं इंजिन ठोकणार कधी? या तारखा मला तोंडपाठ आहेत. पाहुण्यांना जेवणाच्या टेबलावर कंटाळा येईपर्यंत मी त्या ऐकवतो.

मग फोन झाला. आवाज म्हाताऱ्या बाईचा, शांत, मधेच खोकला. घाई अजिबात नाही. "तुम्ही नीट विचार करा," असं तीच मला दोनदा म्हणाली. किंमत बाजारभावाच्या जरा खाली, फार खाली नाही. सिल्व्हर लिंक, सात डबे आणि वर दोन छोटी टँक इंजिनं, मिळून ७८०. अगदी फुकटात देणारा भामटा असतो हे मलाही कळतं. ही किंमत मला शहाणा समजून लावलेली होती.

फोटो तीन आले. एक खोक्याचा, लेबल स्पष्ट. एक काचेच्या कपाटातला, लांबून. एक इंजिनाचा समोरून तिरपा. खालच्या बाजूचा एकही नाही. मी मेलमध्ये टाइप केलं, "इंजिन उलटं करून एक फोटो पाठवाल का?" आणि पुसून टाकलं. नवरा जाऊन दीड महिना झालेला, आणि आपण त्या बाईला म्हणायचं की उलटं करून दाखवा? लाज वाटली. फसवणूक झाली ती इथे. पुढचं सगळं नुसतं पोस्टाचं काम होतं.

पैसे मुलाच्या खात्यात टाका म्हणाली, मला ते ऑनलाइन काही जमत नाही. खात्यावरचं नाव तिने सांगितलं तेच निघालं, त्यामुळे बँकेची नाव जुळवून पाहणारी पायरी हिरवी झाली. त्यानंतर बँकेने विचारलं, या व्यक्तीला तुम्ही ओळखता का? मी 'हो' दाबलं. त्या क्षणी मला खरंच तसं वाटत होतं.

पार्सल पाचव्या दिवशी आलं. खोकं अस्सल, लेबल अस्सल. झाकण काढलं आणि पहिल्यांदा आला तो वास. ताज्या स्प्रे रंगाचा, गॅरेजमध्ये येतो तसा. वीस वर्षं कपाटात राहिलेल्या इंजिनाला असा वास येत नाही. हातात घेतलं तर पुढून हलकं आणि टेंडर, म्हणजे इंजिनामागचा कोळसा-पाण्याचा डबा, जड. म्हणजे मोटर टेंडरमध्ये. म्हणजे हे खोक्यावर लिहिलेलं मॉडेल नव्हेच, चाळीसेक वर्षांपूर्वीचं टेंडरमध्ये मोटर असलेलं जुनं मॉडेल. उलटं केलं. खाली 'मेड इन ग्रेट ब्रिटन'. खोक्यावर 'मेड इन चायना'. डिजिटल कंट्रोलरचे हुकूम समजणाऱ्या चिपचं, म्हणजे डीकोडरचं, सॉकेट नाही, टेंडरच्या चाकांवरचे रबर वाळून दगड झालेले.

ए-फोर, म्हणजे सिल्व्हर लिंक आणि मॅलार्ड ज्या जातीची, त्या इंजिनांच्या चाकांवर मुळात पत्र्याचा पदर असायचा, चाकं अर्धी झाकणारा. युद्धकाळात देखभाल सोपी व्हावी म्हणून तो कापून टाकला. माझ्या इंजिनाला तो होता, पण प्लास्टिकच्या पातळ पट्टीचा, डिंकाने चिकटवलेला, एका कडेला सुटत आलेला. नखाने खरवडलं. रुपेरीच्या खाली हिरवा. म्हणजे ब्रिटनमधल्या रेल्वेच्या राष्ट्रीयीकरणानंतरच्या काळातलं हिरवं मॉडेल, त्याला पदर लावून आणि चांदी फासून मागे १९३५मध्ये पाठवलेलं.

आणि धुराडं! सिल्व्हर लिंक १९३५ला एकेरी धुराड्याचं होतं. नव्यानेच जोडधुराडं घेऊन बाहेर पडलेलं पहिलं ए-फोर म्हणजे १९३८चं मॅलार्ड, सिल्व्हर लिंकला ते युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी बसलं. माझ्या हातातल्या रुपेरी इंजिनाला जोडधुराडं. मी संगणकावर तो तिरपा फोटो पुन्हा उघडला. तिथेही दिसत होतं, अगदी स्वच्छ. बारा दिवस रोज तो फोटो पाहत होतो मी.

डब्यांचं तर बोलूच नये. खऱ्या ज्युबिलीचे डबे जोडीने आणि तिळ्याने सांधलेले होते, दोन डब्यांच्या मधे एकच सामाईक बोगी, म्हणजे खालचा चाकांचा गाडा. माझ्याकडे आले ते प्रत्येकी दोन बोग्यांचे साधे डबे, खिडक्यांच्या काचांवर रुपेरी तुषार. दोन टँक इंजिनांपैकी एक बरं निघालं. दुसऱ्याची चासी कुजलेली. हा प्रकार नव्या लोकांनी समजून घ्यावा. जस्ताच्या मिश्रधातूत शिशासारखी भेसळ राहिली की ओतीव भाग आतून फुगतो, केसासारख्या चिरा पडतात, आणि एक दिवस बिस्किटासारखा तुटतो. त्याला इलाज नाही. डिंक लावून, वरून काळा रंग देऊन ते पोस्टात टिकेल इतपत उभं केलेलं होतं.

तरीही रुळांवर ठेवून पाहिलंच. आशा वाईट. डिजिटल बंद केलं, जुना बारा व्होल्टचा कंट्रोलर जोडला. माझे रूळ बारीक उंचीचे, कोड ७५. जुन्या मॉडेलच्या चाकांची कड खोल, ती रूळ धरणाऱ्या खुर्च्यांवर आपटत जाते. सिल्व्हर ज्युबिली निघाली ती डांबर नसलेल्या रस्त्यावरून बैलगाडी जावी तशी खडखडत, आणि पहिल्या सांध्यावर बसली. खालून बायकोने विचारलं, "आलं का तुमचं इंजिन?" मी म्हणालो, "आलं."

फोन त्या दिवसापासून बंद.

बँकेचा अनुभव नीट वाचा, कारण इथे बरेच जण गाफील राहतात. ७ ऑक्टोबर २०२४पासून ब्रिटनमध्ये नियम आहे की भामट्याने गंडवून तुमच्याच हाताने खात्यात पैसे टाकायला लावले तर बँकेने ते परत द्यायचे, ८५,००० पौंडांपर्यंत, तक्रार १३ महिन्यांच्या आत हवी. मी निवांत होतो. उत्तर आलं की वस्तू मिळालेली आहे, ती मनासारखी नाही, हा दोघांमधला दिवाणी वाद, नियमात बसत नाही. रिकामं खोकं किंवा वीट आली असती तर माझी बाजू बळकट होती. म्हणून तर त्यांनी वीट पाठवली नाही. इंजिनासारखं इंजिन पाठवलं. आणि हेच एखाद्या दुकानातून क्रेडिट कार्डावर घेतलं असतं तर शंभर पौंडांच्या वरच्या खरेदीला १९७४च्या कायद्याचं कलम ७५ होतं, कार्ड कंपनीलाही जबाबदार धरता आलं असतं.

गोष्ट मी कोणाला सांगणार नव्हतो. फेब्रुवारीत एका चर्चच्या हॉलमध्ये छोटं प्रदर्शन होतं, तिथे चहाच्या टेबलावर दुसऱ्या क्लबातले एक म्हातारबुवा भेटले, ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या मॉडेलांचे वेडे. त्यांनी विचारलं, ज्युबिली कुठवर आली? कसं कोण जाणे, तोंडून सगळं निघून गेलं. नवरा, व्हल्कन, भारत. त्यांनी कप खाली ठेवला.

"माझ्या वेळी तो साउथ वेल्सच्या खाणीत होता," ते म्हणाले. "माझा बाप तिथे होता ना. मी लिहिलं होतं तसं."

तोच खोकला, तोच मुलगा, तेच तीन फोटो. त्यांचे ५२० गेले होते, आणि त्यांनीही दोन वर्षं घरी सांगितलं नव्हतं. आम्ही दोघांनी मेल शेजारी शेजारी ठेवून छापल्या. नवऱ्याचा पेशा सोडला तर परिच्छेदच्या परिच्छेद सारखे. तो कागद मी बँकेला पाठवला, की बाबांनो, दिवाणी वाद एका माणसाशी होतो, हा धंदा आहे. त्यांनी प्रकरण पुन्हा उघडलंय, उत्तर अजून यायचंय. पोलिसांकडून तक्रारीचा क्रमांक मिळाला, तेवढंच.

आता मी 'हवे आहे' लिहितो तेव्हा फक्त वस्तूचं नाव आणि कॅटलॉग क्रमांक लिहितो. आजोबा घरात राहतात. पैशाची गोष्ट निघण्याआधी फोटो मागतो: खालच्या बाजूचा, शेजारी आजच्या तारखेची चिठ्ठी ठेवून, टेंडर उघडून, खोक्याच्या बाजूच्या लेबलाचा, आणि रुळावर पुढे-मागे धावतानाचा व्हिडिओ. जुनं ओतीव काम असेल तर चासीच्या टोकांचा जवळून, चिरा दिसतील असा. दोन तासांच्या अंतरावर असेल तर स्वतः जातो, मीटरभर रूळ आणि कंट्रोलर पिशवीत टाकून.

गेल्या महिन्यात लिंकनशायरमधल्या एका आजोबांशी बोलणं झालं. त्यांच्याकडे ज्युबिलीचे तिळे डबे होते, कोणीतरी हाताने बनवलेले. बायको गेली, आता वरच्या खोलीत चढवत नाही, म्हणून काढायचेत म्हणाले. मी माझी यादी सांगितली, खालचा फोटो, तारखेची चिठ्ठी, सगळं. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही. मग ते म्हणाले, "तुम्हाला मी चोर वाटतो का?" मी म्हणालो, तसं नाही, पण मला हे विचारावंच लागतं. त्यांनी फोन ठेवला.

ते खरे होते असं मला वाटतं. डबे अजून मिळालेले नाहीत.